आरमध्ये फाइल न बनवता तक्ता मेमरीत कसा पकडायचा: टप्पे, आणि हमखास चुकतं ते

आर (इंग्रजीत R) या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रीनवर छापला जाणारा तक्ता फाइल न बनवता कसा पकडायचा, हा प्रश्न या महिन्यात तिसऱ्यांदा आला म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. ऑफिसमधला नवीन मुलगा सकाळी पोह्यांची प्लेट हातात घेऊनच टेबलाशी आला, म्हणे, ताई, बारा दुकानांचा तक्ता पकडला, हेडर धरून तेरा ओळी यायला हव्यात ना, माझ्या तर सव्वीस येऊन राहिल्यात. कोड बघितला तर एकही एरर नाही. चूक कोडच्या आधीच झाली होती, त्यानं कोणासाठी पकडतोय हे ठरवलंच नव्हतं.

काम साधंच आहे. आरमध्ये एक तक्ता तयार आहे, तो डिस्कवर फाइल न बनवता थेट मेलमध्ये, डेटाबेसच्या एका खान्यात किंवा कुठल्यातरी सर्व्हरला पाठवायचाय, म्हणजे स्क्रीनवर जे छापलं जातं ते मजकूर म्हणून एका व्हेरिएबलमध्ये हवंय. याला दहा मिनिटं लागतात, टप्पे उलटसुलट झाले तर अख्खा दिवस.

लिहायच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट. फंक्शनची नावं मी बोलते तशी देवनागरीत लिहिलीत, तुम्ही टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनं करा, टिंबं, कंस आणि बाण मात्र जसेच्या तसे. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलंय, इंदूरच्या एका घाऊक नमकीनवाल्याचा महिन्याचा हिशोब. तक्त्याचं नाव विक्री, कॉलम सात: कोड, दुकान, भाग, माल, किलो, दर, रक्कम. भागात राजवाडा, छावणी, पलासिया, विजयनगर असं, मालात लौंग सेव, रतलामी सेव, खट्टामीठा. दर मनाचे आहेत, त्यावरून कोणी भांडायला येऊ नका.

## टप्पा १: पकडायच्या आधीची तयारी

हा टप्पा सगळे उडवतात आणि निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

पहिलं, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत. देवनागरीसाठी ती यूटीएफ-८ हवी. कन्सोलवर एल१०एन_इन्फो() चालवा, यूटीएफ-८ समोर ट्रू आलं पाहिजे. विंडोजवर आर ४.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झालंय (विंडोज १० फार जुनं नसेल तर), त्याआधीचं व्हर्जन असेल तर देवनागरी दुकानांची नावं वाटेत कुठेतरी फुटणार हे धरून चाला. सरळ अपडेट करा, जुन्यावर जुगाड करत बसू नका.

दुसरं, गोल आकडे. हे जरा बारकाईनं वाचा कारण ही चूक कधी येते कधी येत नाही, त्यामुळे माणूस वेडा होतो. समजा २५० किलो लौंग सेव, दर ४००, रक्कम बरोब्बर एक लाख. राइट.सीएसव्हीनं (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेला मजकूर) लिहिलं की त्या जागी १ई+०५ येतं, म्हणजे एक लाखच, पण १ गुणिले १० चा पाचवा घात अशा पद्धतीनं लिहिलेला. खालच्या ओळीत १२३४५६ असेल तर ते मात्र नीट १२३४५६ असंच येतं. कारण असं की आर दोन्ही पद्धतींची लांबी मोजतो, १००००० लिहायला सहा जागा लागतात, १ई+०५ ला पाच, म्हणून तो आखूड निवडतो, आणि राइट.सीएसव्ही हे प्रत्येक खान्यासाठी वेगवेगळं ठरवतं. प्रिंट अख्ख्या कॉलमचं एकदम ठरवतो, त्यामुळे स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं आणि पाठवलेल्या मजकुरात चुकतं.

मग कधी कधी का येत नाही? कारण किलो आणि दर दोन्ही पूर्णांक म्हणून वाचले गेले असतील तर त्यांचा गुणाकारही पूर्णांकच राहतो आणि पूर्णांकाला ही भानगड लागू नाही. ज्या महिन्यात एका जरी मालाचा दर ४०२.५० असा आला, त्या महिन्यात दराचा अख्खा कॉलम दशांशाचा झाला, रक्कमही दशांशाची झाली, आणि बरोब्बर एक लाखवाल्या दुकानदाराचा फोन आला की माझे पैसे कुठे गेले. हे माझ्याच बाबतीत झालंय, त्यांनी १ई+०५ चे पाच रुपये वाचले होते.

उपाय एका ओळीचा:

जुने <- ऑप्शन्स(सायपेन = ९९९, विड्थ = २००)

सायपेन मोठा ठेवला की आर १ई+०५ वाली पद्धत टाळतो, विड्थ म्हणजे छापायच्या ओळीची रुंदी. डाव्या बाजूला जुने ठेवलंय ते उगाच नाही. काम झालं की ऑप्शन्स(जुने) म्हणायचं म्हणजे आधीची सेटिंग परत येते. फंक्शनच्या आत असाल तर लगेच पुढच्या ओळीत ऑन.एक्झिट(ऑप्शन्स(जुने)) टाका, मध्ये एरर आली तरी सेटिंग पूर्ववत होते.

सावधान: डिजिट्स ऑप्शन बदलून सीएसव्हीत काही फरक पडत नाही. डिजिट्स फक्त प्रिंट ऐकतो, राइट.सीएसव्ही दशांश आकडे १५ सार्थ अंकांपर्यंत लिहितं, तुम्ही डिजिट्स कितीही ठेवा. सायपेन मात्र दोघंही ऐकतात.

## टप्पा २: वाचणार कोण, डोळा की मशीन?

इथे थांबून उत्तर द्या, मगच पुढे. माणूस मेलमध्ये बघणार असेल तर प्रिंटचं चित्र पकडायचं, दुसरा प्रोग्रॅम वाचणार असेल तर सीएसव्ही पकडायचं. ऑफिसमधल्या त्या मुलानं प्रिंटचं चित्र पकडून ते दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचायला दिलं होतं. प्रिंट हा जागेप्रमाणे वागतो, विड्थ नेहमी ८० असते, सात कॉलम त्यात मावले नाहीत म्हणून त्यानं आधी चार-पाच कॉलमांचा एक ठोकळा छापला आणि उरलेल्यांचा दुसरा ठोकळा खाली, दोन्हींना वेगळं हेडर. तेरा दुणे सव्वीस. आरनं त्याचं काम चोख केलं होतं.

प्रिंटला अजून एक कात्री आहे, मॅक्स.प्रिंट. साध्या आरमध्ये ती ९९९९९ खान्यांवर असते, सात कॉलम म्हणजे १४२८५ ओळी, त्यानंतर इतक्या ओळी गाळल्या अशी एक ओळ छापून गप्प बसतो. आरस्टुडिओत ही मर्यादा बऱ्याचदा आणखी कमी लावलेली असते, गेटऑप्शन("मॅक्स.प्रिंट") विचारून बघा. आणि तक्ता टिबल (त्याच नावाच्या पॅकेजचा तक्त्याचा प्रकार) असेल तर तो २० पेक्षा जास्त ओळी असल्या की पहिल्या १० च दाखवतो, म्हणजे पकडल्याही तेवढ्याच जातात. टिबल असेल तर आधी अॅज.डेटा.फ्रेम करा किंवा प्रिंटमध्ये एन = इन्फ द्या.

तपासा: पकडायची गरज तरी आहे का? बऱ्याच फंक्शनचं उत्तर आधीच मजकूर असतं. फॉरमॅट, एसप्रिंटएफ, टूस्ट्रिंग, नितर पॅकेजचं केबल हे सगळे मजकूरच परत देतात. मेलमध्ये एचटीएमएल तक्ता टाकायचाय तर केबल(विक्री, फॉरमॅट = "एचटीएमएल") एवढं पुरे. रीडआर पॅकेजचं फॉरमॅट_सीएसव्ही अख्खी सीएसव्ही एका स्ट्रिंगमध्ये देतं, फक्त तिथे सायपेनच्या भरवशावर राहू नका, लाखाचा गोल आकडा स्वतः उघडून बघा.

## टप्पा ३: आधी गणित, मग सजावट

क्रम पाळा. बेरजा, सरासरी, गट, सॉर्टिंग सगळं संपवा आणि मगच आकड्यांना कपडे चढवा, कारण एसप्रिंटएफमधून गेलेला आकडा हा आकडा राहत नाही, तो मजकूर होतो. मजकूर म्हणून चढत्या क्रमानं सॉर्ट केलं की ९५० हा १२०० च्या नंतर जाऊन बसतो.

मूळ विक्रीला हात लावू नका, एक नक्कल करा:

दाखवायचा <- विक्री

आणि त्या नकलेत दर दोन दशांशांचा करा, नाहीतर ४०२.५० चं ४०२.५ होतं आणि व्यापाऱ्याला वाटतं काहीतरी कापलं:

दाखवायचा$दर <- एसप्रिंटएफ("%.२एफ", विक्री$दर)

स्वल्पविरामाची एक गंमत. फॉरमॅटमध्ये बिग.मार्क = "," दिलं की १२,३४,५६७ च्या जागी १,२३४,५६७ येतं, आर तीन-तीनचेच गट करतो, बिग.इंटरव्हल बदलता येतो पण तोही सगळीकडे सारखाच लागतो. लाख-कोटीचा हिशोब हवा तर छोटं फंक्शन स्वतः लिहायचं: शेवटचे तीन अंक वेगळे काढा, उरलेल्याचे उजवीकडून दोन-दोनचे गट पाडा, जोडा. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या कुठल्याही मुनीमजींना तीन-तीनचे गट दाखवून बघा, चष्मा काढून पुसतील आणि परत बघतील.

सावधान: हे स्वल्पविराम फक्त डोळ्यासाठीच्या नकलेत. मशीनसाठीच्या सीएसव्हीत नाहीत. आणि तिथे टाकलेच आणि वर कोट = फॉल्स पण दिलं तर १,००,००० चे तीन कॉलम होतात आणि त्या ओळीचं पुढचं सगळं सरकतं. कोट ट्रूच राहू द्या, तोच डिफॉल्ट आहे, दुकानाच्या नावातही कधी स्वल्पविराम असतो.

देवनागरीचं दुखणं पण इथेच सांगते. सेव हा शब्द डोळ्याला दोन अक्षरं, पण एनकॅर त्याला तीन म्हणतो कारण मात्रा वेगळी मोजतो, आणि टाइप = "बाइट्स" विचारलं तर नऊ. त्यामुळे स्पेस भरून कॉलम सरळ रेषेत आणायचा प्रयत्न देवनागरीत कधीच पूर्ण जमत नाही, फॉन्टप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतंच. मी दोन दिवस घालवलेत त्यात, तुम्ही घालवू नका. देवनागरी नावं असतील आणि माणूस वाचणार असेल तर एचटीएमएल तक्ता करा.

## टप्पा ४: प्रत्यक्ष पकडणं

तीन रस्ते आहेत. तिन्ही शिकायची गरज नाही, आपला कुठला ते ओळखा.

### ४.१ कॅप्चर.आउटपुट: छोटा तक्ता, सरळ काम

डोळ्यासाठी:

ओळी <- कॅप्चर.आउटपुट(प्रिंट(दाखवायचा, रो.नेम्स = फॉल्स))

मशीनसाठी:

ओळी <- कॅप्चर.आउटपुट(राइट.सीएसव्ही(विक्री, रो.नेम्स = फॉल्स))

दुसरं का चालतं तर राइट.सीएसव्हीला फाइलचं नाव दिलं नाही की ते कन्सोलवर लिहितं आणि कॅप्चर.आउटपुट कन्सोलवर जाणारं सगळं वाटेत अडवतं. इथे विड्थचा संबंध नाही, ओळ कितीही लांब असली तरी मोडत नाही. रो.नेम्स = फॉल्स विसरलात तर डावीकडे १, २, ३ चा एक बिननावाचा कॉलम येऊन बसतो आणि समोरचा प्रोग्रॅम त्याला कोड समजतो.

हातात येतं ते एक व्हेक्टर, प्रत्येक ओळ एक घटक. एकच लांब स्ट्रिंग नाही. हे लक्षात ठेवा, टप्पा ६ मध्ये लागणार आहे.

इथे लोक तीन ठिकाणी पडतात. एक, कॅप्चर.आउटपुट(क <- समरी(मॉडेल)) असं लिहितात आणि रिकामं हाती येतं, कारण बाणानं व्हेरिएबलमध्ये टाकलेलं काही छापलंच जात नाही, जे छापलं नाही ते पकडणार काय. दोन, आत फॉर लूप लावतात आणि लूपमध्ये नुसतं विक्री असं लिहितात, लूपच्या आत आपोआप छपाई होत नाही, प्रिंट() हातानं लिहावं लागतं. तीन, मेसेज() आणि वॉर्निंग यांची वाट वेगळी आहे, त्या कॅप्चर.आउटपुटमध्ये येत नाहीत. टाइप = "मेसेज" दिलं की मेसेज येतात पण मग नेहमीचं आउटपुट पकडलं जात नाही, एका वेळी एकच. आणि पकडता पकडता एरर आली तर तोवर पकडलेलंही जातं, तेव्हा एरर येऊ शकेल असं गणित आत ठेवू नका, ते आधीच करून ठेवा.

### ४.२ टेक्स्टकनेक्शन: तुकड्या-तुकड्यानं लिहायचं असेल तेव्हा

वर एक मथळा, मग तक्ता, मग खाली एकूण बेरीज असं वेगवेगळ्या जागून एकाच ठिकाणी जमा करायचं असेल तर हे बरं. कनेक्शन म्हणजे आर ज्यातून लिहितो-वाचतो ती नळी, इथे तिचं टोक फाइलऐवजी व्हेरिएबलमध्ये असतं.

कन <- टेक्स्टकनेक्शन("ओळी", "डब्ल्यू", लोकल = ट्रू)
कॅट("मार्चचा हिशोब\एन", फाइल = कन)
राइट.सीएसव्ही(विक्री, कन, रो.नेम्स = फॉल्स)
कॅट("एकूण:", सम(विक्री$रक्कम), फाइल = कन)
क्लोज(कन)

"ओळी" हे कोटमध्ये आहे, ते व्हेरिएबलचं नाव आहे, आर स्वतः ते व्हेरिएबल तयार करतो. लोकल = ट्रू फंक्शनच्या आत असताना द्याच, नाहीतर ते बाहेर मुख्य वर्कस्पेसमध्ये जाऊन बनतं आणि तिथे आधीच ओळी नावाचं काही असेल तर ते गेलं.

आता चौथी ओळ बघा, शेवटी \एन (ओळ संपल्याची खूण) नाही. म्हणजे ती ओळ अपुरी आहे, आणि अपुरी ओळ कनेक्शन स्वतःकडेच धरून ठेवतं, क्लोज केल्यावरच सोडतं. क्लोज करायच्या आधी ओळी बघितलं तर एकूण बेरीज गायब. लोक इथे तासभर सम() तपासत बसतात.

दुसरी पद्धतही आहे, नावाच्या जागी नल द्यायचं आणि टेक्स्टकनेक्शनव्हॅल्यू(कन) नं मजकूर काढायचा. तिथे क्रम बरोब्बर उलटा, आधी व्हॅल्यू काढा मग क्लोज, कारण क्लोज झाल्यावर काढायला काही उरत नाही. आणि तेव्हा मात्र शेवटच्या ओळीला \एन पाहिजेच. एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्ही पद्धती मिसळू नका.

सावधान: कनेक्शन उघडं असेपर्यंत ओळी हे व्हेरिएबल कुलूपबंद असतं. मध्येच त्यात काही बदलायला गेलात तर लॉक्ड बाइंडिंगची एरर येते. त्यावर उपाय म्हणून कुलूप तोडायची फंक्शनं शोधू नका, क्लोज करा.

### ४.३ रॉकनेक्शन: मोठा तक्ता किंवा थेट बाइट हवेत

टेक्स्टकनेक्शन दर ओळीला ते व्हेरिएबल अद्ययावत ठेवत बसतं, म्हणून मोठ्या तक्त्याला ते जड पडतं, आरच्या मदतपानातही तसं लिहिलंय. आणि कॅप्चर.आउटपुटच्या पोटातही टेक्स्टकनेक्शनच असतं, म्हणजे त्यालाही तोच नियम. लाखभर ओळी झाल्या की मी हे वापरते:

कन <- रॉकनेक्शन(रॉ(०), "आर+")
राइट.सीएसव्ही(विक्री, कन, रो.नेम्स = फॉल्स)
बाइट <- रॉकनेक्शनव्हॅल्यू(कन)
क्लोज(कन)

सर्व्हरवर अपलोड करायचं असेल तर बहुतेक ठिकाणी हे बाइटच द्यायचे असतात, मजकूर करायची गरजच नाही. हवाच असेल तर रॉटूकॅर(बाइट), एकच अखंड स्ट्रिंग मिळते, ओळी सुट्या नाहीत. डिस्कवर तात्पुरतं लिहिलेलं चालणार असेल तर नाव न देता फाइल("") उघडा, ती आपोआप वाचायला-लिहायला उघडते आणि क्लोज केल्यावर नाहीशी होते. पण मग ते मेमरीत राहिलं नाही, ज्यांच्या ऑफिसात डिस्कवर ग्राहकांची माहिती उतरवायलाच बंदी आहे त्यांनी हा रस्ता सोडा.

## टप्पा ५: उघडलेलं बंद करा

आरमध्ये एका वेळी साधारण १२८ कनेक्शन उघडी राहू शकतात, त्यातली ३ आर स्वतःकडे ठेवतो. दुकानवार लूप लावून प्रत्येकासाठी एक उघडलं आणि क्लोज विसरलात तर सव्वाशेच्या आसपास सगळी कनेक्शन वापरात आहेत असं म्हणून गाडी थांबते, आणि दहा दुकानांवर टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही. फंक्शनच्या आत उघडल्याच्या लगेच पुढच्या ओळीत ऑन.एक्झिट(क्लोज(कन)) लिहायची सवय लावा, पण मग खाली हातानं परत क्लोज करू नका, दुसऱ्यांदा एरर येते. आणि ४.२ च्या पहिल्या पद्धतीत हे चालत नाही, तिथे ओळी वाचायच्या आधीच क्लोज हवं. वर ऑन.एक्झिट(ऑप्शन्स(जुने)) आधीच असेल तर दुसऱ्यात अॅड = ट्रू द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला खाऊन टाकतं.

सिंक() वापरणाऱ्यांसाठी खास. सिंक(कन) म्हणजे यापुढचं सगळं आउटपुट तिकडे वळवा. रिकामा सिंक() म्हणून परत आणायचं असतं, ते राहिलं की कन्सोल मुका होतो, काहीही टाइप करा, उत्तर नाही. मग माणूस आर बंद करून परत सुरू करतो आणि सकाळपासूनचं काम घालवतो. बंद करू नका. सिंक.नंबर() आता दिसणार नाही कारण कन्सोल मुकाच आहे, म्हणून सिंक() चालवा, परत सिंक() चालवा, काढायला सिंकच नाही अशी वॉर्निंग आली की सुटलात. मी स्वतः सिंक टाळते, कॅप्चर.आउटपुट हेच काम करून मागचं आवरूनही घेतं.

तपासा: शोकनेक्शन्स() चालवा. यादी रिकामी हवी. सिंक.नंबर() चं उत्तर ० हवं.

## टप्पा ६: ओळी जोडा

व्हेक्टरचा एक मजकूर करायचा:

मजकूर <- पेस्ट०(पेस्ट(ओळी, कोलॅप्स = "\एन"), "\एन")

शेवटचा \एन वेगळा लावलाय कारण कोलॅप्स फक्त मधल्या जागा भरतो, शेवटी काही लावत नाही, आणि काही प्रोग्रॅम शेवटची ओळ अपुरी दिसली की ती वाचतच नाहीत. रॉकनेक्शनवाल्यांना हा टप्पाच नाही.

विंडोजवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवा, फाइलमध्ये लिहिताना विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं लावतं, मेमरीत पकडताना एकच लागतं. म्हणून फाइलचं आणि मेमरीतल्या मजकुराचं चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

## टप्पा ७: परत वाचून बघा

पाठवायच्या आधी उलटं चालून बघायचं. पकडलेल्या मजकुरातून तक्ता परत तयार करा आणि मूळ तक्त्याशी ताडा:

परत <- रीड.सीएसव्ही(टेक्स्ट = मजकूर, चेक.नेम्स = फॉल्स, कोलक्लासेस = सी(कोड = "कॅरेक्टर"))
ऑल.इक्वल(विक्री, परत)

चेक.नेम्स फॉल्स नसेल तर कॉलमच्या नावात जिथे स्पेस तिथे टिंब घुसतं. कोलक्लासेस नसेल तर ००७ कोडचं दुकान नुसतं ७ होतं, शून्यं गेली ती गेली. आयडेंटिकल() वापरू नका, १५ अंकांनंतरची बारीक शेपूट लिहिताना कापली जाते, त्यामुळे दशांश असले की तो उगाच फॉल्स म्हणतो, ऑल.इक्वल तेवढं सोडून देतो. आणि लिहिताना एनए (आरमध्ये माहिती नसल्याची खूण) साठी एनए = "" दिलं असेल तर वाचताना एनए.स्ट्रिंग्ज = "" पण द्या, नाहीतर आकड्यांच्या कॉलममध्ये रिकामी जागा एनए म्हणून येते पण मजकुराच्या कॉलममध्ये नुसती रिकामी स्ट्रिंग म्हणून, आणि ताळा चुकतो.

ओळी मोजून तपासणं सोपं वाटतं, लेंग्थ(ओळी) म्हणजे एनरो(विक्री) + १, पण त्यावर आंधळा विश्वास नको. आमच्या एका तक्त्यात पत्त्याच्या खान्यात कोणीतरी एंटर मारून दोन ओळींत पत्ता लिहिला होता, त्यामुळे एक ओळ जास्त आली. सीएसव्ही बरोबरच होती, कोटच्या आतला एंटर चालतो, मोजणाराच चुकला. चूक तेव्हा होते जेव्हा कोणी ओळी एकेक करून लूपमध्ये पाठवायला जातं आणि पत्ता मधूनच तुटतो. सीएसव्ही नेहमी अख्खी पाठवा.

तपासा: ग्रेप("ई\\+", ओळी) चं उत्तर रिकामं यायला हवं. एकही नंबर आला तर टप्पा १ मधला सायपेन राहिलाय.

## टप्पा ८: पाठवणं

समोरचा सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडणार असेल, आणि उघडणारच, तर मजकुराच्या अगदी सुरुवातीला "\यूएफईएफएफ" हे न दिसणारं चिन्ह जोडा, नाहीतर एक्सेलला यूटीएफ-८ आहे हे कळत नाही आणि राजवाड्याच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात. हे टप्पा ७ झाल्यावर जोडा, आधी जोडलंत तर तुमच्याच ताळ्यात पहिल्या कॉलमचं नाव जुळणार नाही. समोर प्रोग्रॅम असेल तर जोडू नका.

प्रिंटचं चित्र मेलमध्ये टाकायचं असेल तर एचटीएमएलच्या प्री टॅगमध्ये ठेवा, नाहीतर सगळ्या स्पेस एकीत गोळा होऊन तक्त्याची खिचडी होते. मजकुरात < किंवा & असेल तर ते आधी बदलून घ्या.

आणि रात्री आपोआप चालणारं काम असेल तर अजून एक फेरी बाकी आहे. लिनक्सवर दिवसा हातानं चालवलं की सगळं छान, रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) चालवलं की सकाळी मेलमध्ये सेवच्या जागी <यू+०९३८> वगैरे. कारण क्रॉनला तुमची भाषेची सेटिंग माहीतच नसते, तो साध्या सी लोकेलमध्ये आर सुरू करतो, आणि त्या लोकेलमध्ये स हे अक्षर लिहिता येत नाही म्हणून आर त्याचा कोड लिहून मोकळा होतो. क्रॉनटॅबमध्ये वर लँगची ओळ टाका, यूटीएफ-८ वाली, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एल१०एन_इन्फो() तपासून फॉल्स असेल तर स्टॉप() करा म्हणजे चुकीचा मेल जाण्यापेक्षा मेल जाणारच नाही. मग क्रॉनची वेळ पाच मिनिटांनंतरची लावून तिथूनच एकदा चालवून बघा, टर्मिनलमधून नाही. आमच्या मुलानं हेच केलं नाही, टर्मिनलमधूनच चार वेळा चालवलं, चारही वेळा बरोबर आलं, आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं मला मेल फॉरवर्ड करून खाली फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं.